आजाराला स्वभाव समजण्याची किंमत

आजची तारीख काय? वार कोणता? शंभरातून सात वजा करा, जे उरेल त्यातून पुन्हा सात. तीन शब्द सांगतो, ते लक्षात ठेवा, थोड्या वेळाने विचारेन. १९७५ साली तयार झालेली ३० गुणांची ही चाचणी आजही जगभरच्या दवाखान्यांत घेतली जाते. समजा, ५२ वर्षांच्या एका माणसाला तीत २९ गुण मिळाले. शेजारी बसलेली त्याची बायको मात्र सांगतेय, "डॉक्टर, हे असे नव्हते हो." सख्ख्या भावाला अपघात झाल्याचं कळलं, तेव्हा त्याने ते ऐकून घेतलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. लिफ्टमध्ये एका अनोळखी बाईच्या वजनावर तिच्या तोंडावर शेरा मारला. साठवलेले पैसे फोनवरच्या कुणा भामट्याच्या हवाली केले, आणि विचारलं तर खांदे उडवून मोकळा झाला. रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने, तेवढ्याच फेऱ्या मारतो. गोड समोर आलं की हात थांबत नाही. डॉक्टर गुणांकडे बघतात. स्मरणशक्ती ठीक, हिशेब ठीक, तारीख बरोबर. मग कामाचा ताण असेल, नैराश्य असेल, नवराबायकोचं पटत नसेल. नैराश्यावरची गोळी लिहून दिली जाते आणि तीन महिन्यांनी दाखवायला या, असं सांगितलं जातं.

यातला माणूस मी कल्पिलेला आहे, लक्षणं नाहीत. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या, म्हणजे एफटीडीच्या, वर्तनाशी संबंधित प्रकाराची ही नेहमीची लक्षणं. कपाळामागच्या आणि कानशिलाजवळच्या मेंदूत हा आजार सुरू होतो. बहुतेकांना तो ४५ ते ६५ या वयात गाठतो, आणि मेंदूच्या पेशी झिजत जाऊन पासष्टीच्या आत होणाऱ्या डिमेन्शियांमध्ये अल्झायमरच्या खालोखाल त्याचा नंबर लागतो. त्याच्या दुसऱ्या काही प्रकारांत आधी भाषा जाते: कुणाला शब्द फुटत नाहीत, कुणाला शब्द ऐकू येतात पण त्यांचा अर्थच हरवलेला असतो. प्रागमधल्या अर्नोल्ड पिक यांनी असा पहिला रुग्ण १८९२ साली नोंदवला. म्हणजे वैद्यकाला हा आजार अल्झायमरच्याही आधीपासून माहीत आहे. सामान्य माणसाच्या कानावर त्याचं नाव आलं ते बहुधा २०२३ मध्ये, हॉलिवूड अभिनेते ब्रूस विलिस यांच्या कुटुंबाने त्यांचं निदान जाहीर केलं तेव्हा. आदल्या वर्षी त्यांना अफेजिया, म्हणजे भाषा हरवण्याचा विकार, झाल्याचं सांगितलं गेलं होतं. उपचारांची सगळी साधनं हाताशी असलेल्या माणसाच्या बाबतीतही आजाराचं नेमकं नाव टप्प्याटप्प्यानेच समोर आलं.

लक्षणं दिसू लागल्यापासून एफटीडीचं निदान व्हायला साधारण तीन ते चार वर्षं जातात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तर असं दिसलं की वर्तनाच्या प्रकारातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांवर आधी कुठल्या ना कुठल्या मानसिक आजाराचा शिक्का बसला होता, बहुतेक वेळा नैराश्याचा. अल्झायमरच्या रुग्णांमध्ये हेच प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास होतं.

गेली काही वर्षं 'लवकर निदान' या विषयावर जे लिहिलं-बोललं जातं, त्याचा सगळा रोख दुसरीकडे असतो. मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा काढायचा, तो संगणकाला शिकवायचा आणि लक्षणं दिसण्याच्या दहा वर्षं आधी आजार पकडायचा. हे संशोधन मला मोलाचं वाटतं, आणि त्याला पैसा मिळालाच पाहिजे असं माझं मत आहे. पण त्याच्या नावावर लोकांना जी आशा दाखवली जाते ती चुकीच्या जागी दाखवली जाते. लक्षणांच्या आधीची दहा वर्षं जिंकण्याची भाषा चालू असताना, लक्षणांनंतरची तीन-चार वर्षं आपण रोज हरतो आहोत, आणि ती वाचवायला नव्या यंत्राची गरज नाही.

आधी या संशोधनाने काय दिलं ते नीट समजून घेऊ, कारण टीका करायची तर ती त्याच्या उत्तम रूपावर करावी. फंक्शनल एमआरआय विचार टिपत नाही, तो रक्तातला प्राणवायू टिपतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे रक्त वाढतं, प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात, आणि त्यामुळे चित्रात किंचित फरक पडतो. सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये हे दाखवलं. पुढे १९९५ मध्ये भरत बिस्वाल यांच्या लक्षात आलं की माणूस काहीही न करता पडून असला तरी मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हालचाल-केंद्रांतले हे चढउतार एकाच लयीत चालतात. तोवर या चढउतारांना खरखर समजून काढून टाकत असत. भरलेल्या सभागृहात दोन टोकांना बसलेली दोन माणसं दर वेळी एकाच क्षणी हसत असतील, तर ती एकमेकांना ओळखत नसली तरी एकच काहीतरी ऐकत आहेत एवढं आपल्याला कळतं. संशोधक ज्याला कार्यात्मक जोडणी म्हणतात ती एवढीच: दोन भागांच्या चढउतारांमधला ताळमेळ. त्यातून प्रत्यक्ष धागा दिसत नाही. तो बघायला डिफ्यूजन एमआरआय हे वेगळं तंत्र आहे, ज्यात पाण्याचे रेणू कुठल्या दिशेने सहज सरकतात त्यावरून मेंदूतल्या पांढऱ्या तंतूंच्या जुड्यांची अवस्था ताडता येते.

या ताळमेळातून मेंदूची जी जाळी हाती लागली, त्यांपैकी दोन इथे महत्त्वाची. एक डिफॉल्ट मोड नेटवर्क, जे आठवणींत रमताना किंवा स्वतःचा विचार करताना जागं असतं. दुसरं सेलियन्स नेटवर्क. आत्ता या क्षणी लक्ष कशाकडे जायला हवं, हे ते ठरवतं: समोरच्याचा चेहरा पडला आहे, आपल्या पोटात गोळा आला आहे, आपण बोललो ते त्याला लागलं आहे. इन्सुला नावाच्या आत दडलेल्या घडीचा पुढचा भाग आणि मेंदूच्या मधल्या फटीतला अँटिरियर सिंग्युलेट हा भाग, हे त्याचे मुख्य टेकू. मोठ्या, लांबट आकाराच्या फॉन इकोनोमो पेशी माणसात याच दोन ठिकाणी प्रामुख्याने आढळतात, आणि एफटीडीत त्या सुरुवातीलाच मोठ्या संख्येने मरतात, असं विल्यम सीली आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं. २००९ मध्ये त्याच गटाने आणखी मोठी गोष्ट पुढे ठेवली. अल्झायमर, वर्तनाचा एफटीडी, त्याचे भाषेचे प्रकार, असा प्रत्येक आजार मेंदू वाटेल तसा कुरतडत नाही. निरोगी माणसात जे जाळं एका लयीत चालतं, नेमक्या त्याच जाळ्याच्या वाटेने तो पसरतो. अल्झायमर डिफॉल्ट मोड नेटवर्कच्या वाटेने, एफटीडी सेलियन्स नेटवर्कच्या.

या एका कल्पनेसाठी जोडण्यांच्या संशोधनाला शंभर गुन्हे माफ करायला मी तयार आहे. त्या २९ गुणांचा उलगडा इथे होतो. ती चाचणी ज्या जाळ्यांची परीक्षा घेते, ती शाबूत आहेत. जे जाळं तुटतंय त्याच्याबद्दल तिच्यात एकही प्रश्न नाही. भावाच्या अपघाताची बातमी त्या माणसाला कळली, शब्दन् शब्द कळली. ती महत्त्वाची आहे हे सांगणारी यंत्रणा गप्प राहिली. आपण ज्याला माया, लाज, भीड, संकोच म्हणतो आणि माणसाच्या संस्कारांच्या खाती जमा करतो, त्याला मेंदूत पत्ता आहे आणि तो पत्ता आजाराने उद्ध्वस्त होऊ शकतो. वर्षानुवर्षं 'तुम्ही बदललात' म्हणून भांडलेल्या बायकोला आणि अबोला धरलेल्या मुलांना हे वेळेवर कुणी सांगितलं, तर घरातला निम्मा विषार उतरतो.

इथवर सगळं ठीक. अडचण पुढच्या उडीत आहे. हे शोध गटांच्या सरासरीवर उभे आहेत, आणि दवाखान्यात येतो तो एकटा माणूस.

२०१० मध्ये एक सुबक निष्कर्ष मांडला गेला होता: एफटीडीत सेलियन्स नेटवर्क सैल पडतं आणि डिफॉल्ट मोड नेटवर्क जास्त घट्ट होतं, अल्झायमरमध्ये नेमकं उलट. कागदावर यासारखी दुसरी चाचणी नाही. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत मात्र चित्र इतकं स्वच्छ आलं नाही, विशेषतः त्याचा दुसरा अर्धा भाग. याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. पहिलं कारण अगदी साधं: डोकं हलतं. यंत्रात पडलेल्या माणसाचं डोकं मिलिमीटरच्या काही अंशांनी हललं तरी जवळजवळच्या भागांतला ताळमेळ उगाच वाढलेला दिसतो आणि लांबच्या भागांतला कमी झालेला. हे २०१२ मध्ये ठळकपणे समोर आलं आणि तोवरच्या बऱ्याच निष्कर्षांकडे पुन्हा बघावं लागलं. आता एफटीडीचा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. आवेग आवरत नाही, 'दहा मिनिटं हलू नका' या विनंतीचं त्याला काही वाटत नाही. तो हलणार. आणि त्याच्या हलण्याने चित्रात जो दोष येईल, तो लांबच्या जोडण्या तुटल्यासारखाच दिसेल, म्हणजे आपण ज्या आजाराच्या खुणा शोधायला आलो त्यांच्यासारखाच. हा दोष काढून टाकायच्या पद्धती आहेत, पण प्रत्येक पद्धत वेगळं उत्तर देते.

दुसरं कारण पद्धतींच्या याच मोकळिकीतलं. २०२० मध्ये १०८ माणसांची एकच फंक्शनल एमआरआयची माहिती ७० संशोधन गटांना देऊन नऊ ठरावीक प्रश्न विचारले गेले. कुठल्याही दोन गटांनी अगदी एकसारखी पद्धत वापरली नाही, आणि काही प्रश्नांवर त्यांची उत्तरं सरळसरळ परस्परविरुद्ध आली. ती माहिती काम करताना टिपलेली होती, पडून असताना नव्हे, पण पडून असतानाच्या माहितीत तर सुटे धागे जास्तच असतात. (मेलेल्या सामन माशाला एमआरआयमध्ये ठेवून, माणसांचे फोटो दाखवून, त्याच्या मेंदूत 'हालचाल' सापडल्याचा २००९ मधला प्रयोग या क्षेत्रातल्या सगळ्यांना पाठ असतो. संख्याशास्त्राची काळजी घेतली नाही तर काय होतं ते दाखवायलाच तो केला होता. तो ऐकून हसायचं आणि मग आपल्या कामाला लागायचं, अशी रीत पडून गेली आहे.)

तिसरं कारण मला सर्वांत गंभीर वाटतं, कारण ते यंत्राचं नाही, प्रश्न मांडण्याचं आहे. संगणकाने जोडण्या पाहून एफटीडी अमुक टक्के अचूक ओळखला, अशा बातम्या येतात. कुणापासून वेगळा ओळखला, ते बघावं. बहुतेक वेळा एका बाजूला निदान पक्कं झालेले रुग्ण असतात आणि दुसऱ्या बाजूला धडधाकट स्वयंसेवक. दवाखान्यात हा प्रश्न कुणी विचारतच नाही. त्या बायकोला आपला नवरा धडधाकट नाही हे केव्हाच कळलेलं आहे. तिचा प्रश्न असतो: हे नैराश्य आहे, उतारवयात सुरू झालेला बायपोलर (कधी अति उत्साह, कधी नैराश्य) आहे, दारू आहे, की दुसरंच काही? या सगळ्या आजारांतही सेलियन्स नेटवर्कच्या जोडण्या बदलतात. म्हणजे जिथे खरी गरज आहे नेमकं तिथेच हे चिन्ह धूसर होतं. धडधाकट माणसापासून रुग्ण ओळखून दाखवणाऱ्या आणखी एका अभ्यासाला पैसे देण्याआधी, देणाऱ्याने तुलनेसाठी मनोविकारांचे रुग्ण घेतले आहेत का, एवढा एक प्रश्न विचारायला हवा.

मग ते 'दहा वर्षं आधी'चं काय? ते खोटं नाही, पण त्याला एक चौकट आहे. एफटीडीच्या एक तृतीयांशाच्या आसपास रुग्णांच्या घरात आजाराचा काही ना काही इतिहास असतो. त्यातल्या काही घरांत तो एका जनुकातल्या बिघाडाने सरळ पुढच्या पिढीत उतरतो: एमएपीटी, जीआरएन आणि २०११ मध्ये सापडलेलं सी९ओआरएफ७२ ही त्यातली तीन मुख्य जनुकं. आई किंवा वडिलांना बिघाड असेल तर प्रत्येक मुलामध्ये तो येण्याची शक्यता निम्मी. अशा कुटुंबांतल्या निरोगी माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा जेनफी हा प्रकल्प युरोप आणि कॅनडात चालतो, उत्तर अमेरिकेत ऑलएफटीडी. जेनफीने २०१५ मध्ये सांगितलं की लक्षणं अपेक्षित असतात त्याच्या सुमारे दहा वर्षं आधी मेंदूच्या आकारमानात बदल दिसू लागतात आणि पाचेक वर्षं आधी बुद्धीच्या चाचण्यांत. बातमीत हे 'एफटीडी दहा वर्षं आधी कळणार' असं होतं. खरं तर जनुकामुळे कोण आजारी पडणार ते आधीच माहीत होतं. स्कॅनने त्यांना शोधलेलं नाही. त्यांच्यात काय घडतं ते दाखवलं. आणि तेही गटाच्या सरासरीत.

या कामातून पुढे निघालेली एक गोष्ट तर 'जोडण्या म्हणजे आगाऊ घंटा' या समजुतीलाच धक्का देते. बिघडलेलं जनुक घेऊन जगणाऱ्या, पण अजून लक्षणं नसलेल्या माणसांचा मेंदू झिजू लागलेला असतो आणि तरी त्यांच्या जाळ्यांचा ताळमेळ बराचसा टिकून असतो. ज्यांचा तो टिकतो, त्यांचं डोकंही टिकतं. म्हणजे जोडणी इथे बिघाडाची खूण कमी आणि तग धरण्याची खूण जास्त आहे. संशोधनाच्या दृष्टीने हा मला सगळ्यांत रंजक धागा वाटतो: मांस कमी होत असताना लय कशी टिकते, कुणाची टिकते, ती टिकवायला काही करता येईल का? पण ज्याला लवकर निदानाची चाचणी विकायची आहे त्याच्यासाठी ही वाईट बातमी आहे. आजार आत शिरल्यावरही जे चिन्ह ठीकठाक दिसत राहतं, ते धोक्याची सूचना म्हणून कसं वापरणार?

आणि विकणारे आहेत. निरोगी माणसाने पैसे भरून सगळ्या शरीराचा, मेंदूचा स्कॅन करून घ्यावा, संगणक काय ते सांगेल, असा धंदा जगभर उभा राहतो आहे. म्हणून एक हिशेब मांडतो. ४५ ते ६४ या वयोगटात एफटीडीचं प्रमाण एक लाखात साधारण १५ ते २२ इतकं सापडलं आहे. २० धरू. समजा, उद्या अशी चाचणी आली जी १०० रुग्णांपैकी ९५ ओळखते आणि १०० निरोगी माणसांपैकी ९५ जणांना बरोबर निरोगी म्हणते. आज जोडण्यांवरची कुठलीही पद्धत खऱ्या जगात याच्या जवळपासही नाही, पण समजा. एक लाख लोकांना तपासलं, तर २० पैकी १९ रुग्ण सापडतील. उरलेल्या ९९,९८० निरोगी माणसांपैकी ४,९९९ जणांनाही तुम्हाला एफटीडी आहे असं सांगितलं जाईल. घाबरवलेल्या दर २६४ माणसांमागे खरा रुग्ण एक. ज्याच्यावर उपाय नाही अशा आजाराच्या नावाने घाबरवलेल्या. चाचणी आणखी थोडी सुधारली तरी खऱ्या रुग्णांपेक्षा घाबरवलेलेच कितीतरी जास्त राहतील, कारण हा हिशेब फक्त चाचणीतून येत नाही, तो आजाराच्या दुर्मिळतेतून येतो. म्हणून निरोगी लोकांत एफटीडी शोधत फिरण्याला माझा सरळ विरोध आहे, आज आणि नजीकच्या भविष्यातही.

याला एक वजनदार उत्तर आहे आणि ते टाळून चालणार नाही. उपाय नाही म्हणूनच तर लवकर ओळखायला हवं, असं संशोधक म्हणतात. लक्षणं येईपर्यंत पेशी मेलेल्या असतात, आणि मेलेल्या पेशींना कुठलं औषध उठवणार? जीआरएनच्या बिघाडात प्रोग्रॅन्युलिन हे प्रथिन निम्म्यावर येतं. ते वाढवणारं एक औषध मोठ्या चाचणीपर्यंत पोहोचलं. २०२५ मध्ये निकाल जाहीर झाला: प्रथिन वाढलं, आजाराची गती कमी झाली नाही. या अपयशाचं एक वाचन असं की उशीर झाला होता. ते बरोबर असू शकतं. पण तेवढ्याच तर्काने असंही असू शकतं की रक्तातलं प्रथिन वाढणं पुरेसं नाही, कितीही लवकर दिलं तरी. हे ठरवायचं तर औषध लक्षणांपूर्वी देऊन बघावं लागेल, आणि ते जनुक माहीत असलेल्या कुटुंबांतच शक्य आहे. तिथे जोडण्यांचा अभ्यास हवाच, कारण लक्षणं नसलेल्या माणसावर औषध काम करतं की नाही हे मोजायला काहीतरी मोजपट्टी लागणार. माझा आग्रह इतकाच की ती मोजपट्टी औषधाच्या चाचणीत राहावी, बाजारात येऊ नये. शिवाय त्या घरांतल्या माणसांना न जाणून घेण्याचाही हक्क आहे. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचं जनुक १९९३ पासून तपासता येतं, आणि धोका असलेल्यांपैकी पाचातला एकही जण धडपणे ही तपासणी करून घेत नाही. ते अडाणी आहेत म्हणून नव्हे. मुलीचं शिक्षण चालू असताना, स्वतः चाळिशीत असताना, पुढे काय वाढून ठेवलंय ते ठाऊक करून घेऊन जगायचं की नाही, हा निर्णय शास्त्र त्यांच्या वतीने घेऊ शकत नाही.

आता त्या हरलेल्या तीन-चार वर्षांकडे येऊ. २०११ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत वर्तनाच्या एफटीडीची सहा लक्षणं आहेत: सुटलेला संयम, निरुत्साह, आटलेली सहानुभूती, त्याच त्या कृती, खाण्यात झालेला बदल, आणि नियोजनशक्ती ढासळत असताना स्मरणशक्ती व दिशाज्ञान तुलनेने शाबूत. सहापैकी तीन असतील तर संशय घ्यावा. यातली पहिली पाच कुठल्याही यंत्रात दिसत नाहीत, ती घरातल्या माणसाला दिसतात. रुग्णाला तर ती कळतच नाहीत, कारण आपल्यात काही बदललं आहे हे जाणवण्याची शक्ती आधी जाते. म्हणून 'तुम्हाला काय त्रास होतो?' हा डॉक्टरांचा नेहमीचा प्रश्न इथे वाया जातो. त्रास त्याला होतच नसतो. जवळच्या माणसाला वेगळं बसवून वीस मिनिटं ऐकणं, ही या आजारातली पहिली तपासणी आहे. रुग्णासमोर बायको मोकळं बोलणार नाही, आणि गर्दीच्या दवाखान्यात वीस मिनिटं मिळणार नाहीत, हे मला कळतं. पण तो यंत्रणेचा प्रश्न आहे, विज्ञानाचा नव्हे. चेहऱ्यावरच्या भावना ओळखायला लावणाऱ्या, उपरोध कळतो का ते बघणाऱ्या चाचण्याही उपलब्ध आहेत आणि त्या सेलियन्स नेटवर्कच्या नेमक्या मर्मावर बोट ठेवतात. त्या फक्त मोठ्या केंद्रांत वापरल्या जातात.

ज्या माणसाला आयुष्यात कधी मानसिक आजार झाला नव्हता, त्याला पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच स्वभाव पालटण्याइतका झाला, तर गोळी सुरू करतानाच मेंदूचा साधा एमआरआय बघितला जावा आणि तो बघताना पुढच्या व कानशिलाच्या भागांवर मुद्दाम नजर टाकली जावी. सुरुवातीला तो सामान्यही येऊ शकतो. तेव्हा मेंदू साखर किती वापरतो हे दाखवणारा पेट स्कॅन मदत करतो. रक्तातल्या न्यूरोफिलामेंट लाइट चेन या प्रथिनावर माझी जोडण्यांच्या नकाशापेक्षा जास्त भिस्त आहे. चेतातंतू झिजले की ते वाढतं, निव्वळ मानसिक आजारात सहसा वाढत नाही. कोणता आजार ते सांगू शकत नाही, पण 'मेंदू झिजतोय का?' या दवाखान्यातल्या खऱ्या प्रश्नाला ते थेट भिडतं.

उलट टोकाची चूकही होते. निकष तंतोतंत पूर्ण करणारी, पण वर्षानुवर्षं न ढासळणारी माणसं असतात. त्यांचे स्कॅन सामान्य येतात आणि पुढे कळतं की हा आजारच नव्हता. एफटीडीचा शिक्का घाईने मारला तर कुणाची नोकरी, कुणाचा संसार, कुणाचा उपचार होण्याजोगा बायपोलर हकनाक बळी जाईल. म्हणून संशय लवकर घ्यावा, नाव सावकाश द्यावं आणि मधल्या काळात माणसाला वाऱ्यावर सोडू नये.

'निदान होऊन तरी काय फायदा, औषध तर नाही' असं डॉक्टरही म्हणतात, आणि तिथे मला राग येतो. आजार थांबवणारं औषध नाही हे खरं. पण न द्यायची औषधं आहेत: अल्झायमरवर सर्रास दिलं जाणारं डोनेपेझिल इथे उपयोगी पडत नाही आणि वर्तन बिघडवू शकतं. अल्झायमरचंच दुसरं औषध मेमँटिन, तेही चाचण्यांत निष्फळ ठरलं. आणि औषधापलीकडे आयुष्य आहे. एका अमेरिकी केंद्रातल्या २,३९७ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या रुग्णांत मिळून कायदा मोडल्याचं प्रमाण ८.५ टक्के होतं, अल्झायमरमध्ये ७.७, आणि वर्तनाच्या एफटीडीत ३७.४. चोरी, वाहतुकीचे गुन्हे, नको ती सलगी. ज्याला निदान मिळालेलं नाही तो कोर्टात चोर म्हणून उभा राहतो. ऑफिसातून त्याला गैरवर्तनाबद्दल काढतात, त्यामुळे आजारपणाचे लाभ बुडतात. कर्जाच्या कागदांवर तो सह्या करून बसतो. घटस्फोट झालेला असतो आणि मग नाव कळतं. तीन-चार वर्षं जातात म्हणजे हे जातं. शिवाय डिमेन्शियाच्या जवळजवळ सगळ्या सोयी म्हाताऱ्या माणसांसाठी आखलेल्या. ज्याची मुलं अजून शाळेत आहेत, जो स्वतः दणकट आहे आणि दार उघडं दिसलं की चालू लागतो, त्याला कुठल्या केंद्रात ठेवणार?

जोडण्यांच्या संशोधनाकडून माझी अपेक्षा कमी नाही, वेगळी आहे. एकाच माणसाचे पुन्हा पुन्हा स्कॅन, म्हणजे त्याची तुलना गटाच्या सरासरीशी न होता त्याच्या स्वतःच्या कालशी होईल. युरोपीय वंशाबाहेरची माणसं, कारण आजवरचे जनुकांचे नि जाळ्यांचे नकाशे बहुतांशी त्याच लोकांवरून काढलेले आहेत. मृत्यूनंतर मेंदूदान, कारण पेशींत साचलेलं प्रथिन टाऊ होतं की टीडीपी-४३ हे आजही बहुतेक रुग्णांत खात्रीने तेव्हाच कळतं आणि त्याशिवाय स्कॅनवरच्या कुठल्याही दाव्याची शहानिशा होत नाही. या तिन्ही गोष्टींना वेळ लागतो, मथळे मिळत नाहीत, आणि म्हणूनच त्यांना सार्वजनिक पैसा हवा.

हे लिहिताना एक गोष्ट वारंवार समोर येत राहिली. एफटीडीवरच्या नव्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांत औषध लागू पडलं की नाही हे ठरवायला आज जे माप वापरतात, त्यात अल्झायमरच्या जुन्या मापाला वर्तन आणि भाषा असे दोन रकाने जोडलेले आहेत. ते भरायला स्कॅन लागत नाही. प्रशिक्षित माणूस रुग्णाला आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या व्यक्तीला समोर बसवून विचारतो: पूर्वी हे कसे होते, आता कसे आहेत? जगातली सगळ्यांत महागडी चाचणी शेवटी ज्या साक्षीवर निकाल देते, ती साक्ष पहिल्याच भेटीत दवाखान्यात बसलेली होती.